गिरणी बंद असते त्या दिवशी: दुकानदारानं गावातल्या माजी सैनिकांसाठी काय करावं, कसं करावं

माझी पिठाची गिरणी आहे, कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात. दोन चक्क्या, एक गहू-ज्वारीची, एक डाळीची, आणि मागच्या पत्र्याच्या शेडात मिरची कांडपाचं डंकन. आमचे मामंजी मराठा पलटणीतून हवालदार म्हणून घरी आले आणि हाती आलेल्या फंडात त्यांनी ही गिरणी घातली. आता ते नाहीत, गिरणी मी चालवते.

सातारा जिल्ह्यात मिल्ट्री नवी नाही. अपशिंगे तर नावातच 'मिलिटरी' लावून बसलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. आमचं गाव तेवढं नामांकित नाही, पण पेन्शनीवर आलेले मोजायला बसलं तर हातापायाची बोटं पुरत नाहीत. शिपाई असो, नाईक असो, हवालदार असो, घरी आला की गाव त्याला 'मेजर'च म्हणतं. सकाळी नऊच्या सुमाराला माझ्या कट्ट्यावर एकदम चार-चार मेजर डबे घेऊन बसलेले असतात.

सहा वर्षं झाली, या मंडळींची कागदपत्रांची कामं गिरणीतून चालतात. आता शेजारच्या गावचे दुकानदार विचारायला येतात, तुम्ही हे कसं जमवलं, आम्हालाही करायचंय. दर वेळी तेच सांगून घसा बसतो, शिवाय चक्कीच्या आवाजात निम्मं ऐकूच जात नाही. म्हणून एकदा लिहून काढलं. किराणा असो, सलून असो, औषधाचं दुकान असो, चालेल. माणसं ज्या दारात थोडा वेळ बसतात, ते दार हवं.

सत्काराचं डोक्यातून काढा

पहिल्या वर्षी मी पण तेच केलं. शाल, श्रीफळ, फेटा, मंडप. तालुक्याचे एक पुढारी बोलावले. ते दोन तास उशिरा आले आणि तासभर बोलले. पंच्याऐंशीच्या घरातले म्हातारे एप्रिलच्या उन्हात पाय दुमडून बसले होते. फोटो झाले, नारळ वाटले, मंडपवाल्याचं बिल झालं. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एक आजी दळण घेऊन आल्या. त्यांचे यजमान तोफखान्यात होते, जाऊन वर्ष उलटलं होतं. डबा खाली ठेवत म्हणाल्या, "सुनबाई, माझं नाव न्हाई पुकारलं ते जाऊ दे. पण त्यांची पेन्शन बंद झाली, माझी चालूच झाली न्हाई. ते कुणाला सांगायचं असतं गं?"

कालच्या मांडवात त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. मी यादी केली ती कट्ट्यावर बसणाऱ्या पुरुषांची. जिचा नवरा वारला त्या बाईचं नाव यादीत घालायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. म्हणून पहिलं सांगणं हे: सुरुवात विधवांपासून करा. पुरुष चावडीवर, पारावर, कँटीनच्या रांगेत भेटतात, एकमेकांना विचारतात. बाया कुणाला विचारत नाहीत. त्या दळणाला येतात, किराण्याला येतात, म्हणजे आपल्याच दारात येतात.

एक वही, आणि ती कुलपात

दोनशे पानी वही घ्या. एका माणसाला एक पान. वर नाव, आर्मी नंबर, पलटण, कधी भरती, कधी घरी. खाली पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या हुकुमाचा कागद, आहे का, डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याचं पुस्तक, आहे का, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधपाण्याच्या योजनेचं, कार्ड झालंय का, बायकोचं नाव काय. आणि मोबाइल कुणाचा. हा रकाना विसरू नका. आधारला जोडलेला नंबर पुण्यातल्या पोराचा असतो, ओटीपी त्याला जातो, तो कंपनीत शिफ्टला असतो आणि इथं म्हातारा माझ्या स्टुलावर बसून राहतो. आधी आधार केंद्रात जाऊन म्हाताऱ्याचा स्वतःचा नंबर जोडून घ्यायचा, बाकीचं नंतर.

एक चूक माझ्या हातून झाली ती तुमच्या हातून होऊ नये. काम लवकर व्हावं म्हणून मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि सगळ्यांना म्हटलं, पीपीओचा फोटो टाका. पोरांनी टाकले. पीपीओ, आधार, बँकेचं पासबुक, सगळं शंभर माणसांच्या ग्रुपवर. पंधरवड्यात एका मेजरना फोन आला, 'तुमचा हयातीचा दाखला नापास झालाय, आलेला नंबर सांगा.' त्यांनी सांगितला आणि खात्यातून पैसे गेले. फोटो त्याच ग्रुपवरून फुटला की दुसरीकडून, ते सिद्ध झालं नाही, पण मला रात्री झोप लागली नाही. ग्रुप त्याच दिवशी बंद केला. तेव्हापासून कागद हातात आणायचा, बघायचा, परत द्यायचा. वही ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या मंगळसूत्राला. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात १९३० लिहून ठेवलंय. फसवणूक झाली तर लगेच लावायचा सायबर गुन्ह्यांचा नंबर आहे तो. जितका लवकर लावाल तितके पैसे अडण्याची आशा.

शालन की हिराबाई

त्या आजींच्या पेन्शनीचं काय झालं ते सविस्तर सांगते, कारण हाच घोळ तुम्हाला घरोघर सापडणार.

यजमानांनी लग्न झाल्यावर पलटणीत बायकोचं नाव नोंदवलं ते माहेरचं: शालन. सासरी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिलं: हिराबाई. रेशनकार्डावर हिराबाई, मतदार यादीत हिराबाई, म्हणून आधारवरही हिराबाई. पन्नास वर्षं कुणाचं काही अडलं नाही. यजमान गेले आणि कागद म्हणायला लागला, शालन कोण आणि हिराबाई कोण? जन्मतारखेचंही तसंच. एकीकडे नुसतं साल, दुसरीकडे १ जून. शाळेत न गेलेल्या आमच्या निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा आहे.

हे दुरुस्त करायची जागा गिरणी नाही, बँक नाही आणि झेरॉक्सचं दुकानही नाही. ज्या त्या पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस असतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. तिथं थेट धावायची गरज नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, अर्ज तिथून पुढं जातो. प्रतिज्ञापत्र लागतं, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचे पुरावे लागतात. बाकी काय काय जोडायचं ते कार्यालय सांगतं. तुम्ही फक्त आजींबरोबर जायचं. त्या एकट्या गेल्या की 'उद्या या' ऐकून परत येतात. बरोबर कुणी असलं तर 'उद्या या, पण काय घेऊन येऊ?' असा पुढचा प्रश्न विचारला जातो.

आजींच्या कामाला चौदा महिने लागले. आठ फेऱ्या. मधल्या काळात दळण मी वहीवर लिहीत गेले. पेन्शन चालू झाल्याच्या आठवड्यात त्या पदराच्या गाठीत पैसे बांधून आल्या आणि एकूण एक रुपया मोजून दिला. नको म्हटलं तर रागावल्या.

यातून मी शिकले ते असं: नवरा जिवंत असतानाच हे काम करायचं. त्याच्या सहीनं जे काम सरळ होतं, तेच काम त्याच्या मागं डोंगर होतं. म्हणून आता वही उघडली की मी पहिला प्रश्न विचारते, "मेजर, डिस्चार्ज बुकात वहिनींचं नाव काय लिहिलंय?" निम्म्यांना आठवत नाही. जा, पेटी उघडा, बघून या.

पापणी हलवा, मेजर

वर्षातलं सगळ्यात मोठं काम हयातीच्या दाखल्याचं. बहुतेकांचा नोव्हेंबर, काहींची तारीख वेगळी. दाखला गेला नाही की पेन्शन थांबते. पूर्वी बँकेत जाऊन समोर उभं राहायचं. २०१४ पासून डिजिटल 'जीवन प्रमाण' आलं, बोटाचा ठसा लावायचा. आता आमच्याकडे ज्यानं पलटणीनंतर तीस वर्षं आलं-हळद खुरपलंय त्याच्या बोटाला ठसा राहतो कुठं? मशिनवर बोट घासून घासून लाल व्हायचं. मी ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, कोमट पाण्यात बुडवून बघितलं, काही उपयोग नाही.

मग चेहऱ्यावरून दाखला निघायला लागला आणि माझं काम सोपं झालं. साधा अँड्रॉइड फोन पुरतो. 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' अशी दोन ॲप्स घ्यायची. आधी काम करणाऱ्याचा, म्हणजे माझा, आधार आणि चेहरा नोंदवायचा, मग त्यांचा. माणूस दाराकडे तोंड करून बसवा, उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे. मागं पांढरी भिंत असली तर बरं. आमच्याकडे सगळंच पांढरं. टोपी काढा, चष्मा काढा. ॲप सांगतं पापण्या मिटा-उघडा.

इथं एक मेजर अडले. कॅमेरा समोर आला की ते ताठ, छाती बाहेर, नजर समोर, आणि पापणी म्हणून हलेना. दोनदा वेळ संपला. मी म्हटलं, "मेजर, पापणी हलवा." ते ओठ न हलवता म्हणाले, "आदेश नीट द्या." शेवटी बाजूच्या पोरानं "सावधान... विश्राम!" म्हटलं, ते हसले, डोळे मिटले, आणि फोटो लागला.

फॉर्म भरताना एक जागा नीट बघा. पेन्शन आता बहुतेकांची 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या प्रणालीतून येते. ज्यांची तिथून येते त्यांच्या फॉर्ममध्ये पेन्शन देणारी संस्था म्हणून स्पर्श निवडायचं, पासबुक ज्या बँकेचं ती बँक नव्हे. पैसे बँकेत जमा होतात म्हणून पोरं सरळ बँकेचं नाव टाकतात, दाखला भलतीकडे जातो आणि जानेवारीत रडारड. पीपीओ नंबरही स्पर्शचा नवा टाकायचा, जुन्या पुस्तकातला टाकू नका. सगळं झालं की मोबाइलवर प्रमाण आयडी येतो. तो आकडा वहीत उतरवून घेतल्याशिवाय माणसाला स्टुलावरून उठू देऊ नका.

हे सगळं करायला वेळ कुठला, असं विचाराल. चक्कीच्या दगडाला दर पंधरा दिवसांनी टाकी लावावी लागते. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम येतं आणि भाकरी चिरते. टाकीवाला छिन्नी-हातोडी घेऊन बसला की सकाळभर गिरणी बंद. पूर्वी त्या दिवशी मी घरी पापड लाटायची. आता तोच आमचा कागदांचा दिवस. तोफखान्यातल्या माणसांचे कान गेलेले असतात, चक्की चालू असताना त्यांच्याशी बोलणं म्हणजे भांडण. टाकीच्या ठकठकीत निदान ऐकू येतं. तुमच्या धंद्यातही असा एक मोकळा वेळ असतोच. सलूनवाल्याचा सोमवार असेल, हॉटेलवाल्याची दुपार असेल. तोच ठरवा आणि मोडू नका.

'मिळेल' म्हणायचं नाही

काय काय विचारायचं असतं ते थोडक्यात सांगते.

घरपट्टी. २०२० साली राज्य सरकारनं माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ केली. आमच्या गावात बरेच जण तरीही भरत होते, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला काढून ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो, आपोआप होत नाही.

औषधपाणी. ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली, साताऱ्यात पॉलिक्लिनिक आहे. १ जानेवारी १९९६ च्या आधी पेन्शनीवर आलेल्यांना तिची वर्गणी भरावी लागत नाही. हे ऐकून दोन म्हाताऱ्यांनी मला खुळ्यात काढलं होतं, आता कार्ड खिशात घालून हिंडतात.

पेन्शन नसलेले. हा नाजूक विषय आहे. काही जण घरच्या अडचणीनं मधेच नाव कटवून आले, पेन्शन बसली नाही. पासष्टच्या पुढच्या, हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. ती चार हजार होती, नोव्हेंबर २०२५ पासून आठ हजार झाली. पण नाव कटवून आलेला प्रत्येक जण नियमात 'माजी सैनिक' धरला जातोच असं नाही. कोणत्या साली आला, कसा आला यावर ते ठरतं आणि ते डिस्चार्ज बुकात असतं. म्हणून आपण दुकानदारांनी 'मिळेल' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'विचारून येऊ' म्हणायचं. मी एकदा 'मिळेल' म्हणून बसले. नाही मिळालं. त्या माणसानं पुढं दुसऱ्या गिरणीत दळण न्यायला सुरुवात केली, आणि त्याचं काही चुकलं नाही.

इतरांना काय मागावं

एकट्या गिरणीनं गाव हलत नाही. पण दुकानदारांची मीटिंग बोलावून 'आपण सैनिकांसाठी काहीतरी करूया' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि चहा पिऊन जातात. प्रत्येकाच्या दुकानात जाऊन त्याच्याच धंद्यातलं, छोटंसं, मोजून मागा.

झेरॉक्सवाल्याला म्हटलं, कागदांच्या दिवशी दोन तास, माझी चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला प्रती अर्ध्या दरात. वडापवाल्याला, म्हणजे गावाची जीप फिरवणाऱ्याला, म्हटलं, मंगळवारी सकाळच्या फेरीत पुढच्या दोन सीट पॉलिक्लिनिकला जाणाऱ्यांसाठी धर. रोज नको, मंगळवार. तो लगेच हो म्हणाला, कारण त्याचा स्वतःचा चुलता त्यातला. औषधवाल्याला पैसे-सूट काही मागितलं नाही. महिन्यातून एकदा म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या बघून तारीख संपलेल्या वेगळ्या काढून दे, एवढंच सांगितलं. शाळेच्या गुरुजींना दहावीची चार पोरं मागितली. ती अर्ज वाचून दाखवतात, फोन धरतात. मोडी लिपी वाचावी तसं तोंड करून ती डिस्चार्ज बुक वाचतात, पण शिकतात.

सलूनवाल्यानं हौसेनं पाटी लावली, 'माजी सैनिकांना दाढी-कटिंग मोफत'. महिन्याभरात एकही मेजर फिरकला नाही. सगळे शेजारच्या गावात जायला लागले. फौजेत राहिलेल्या माणसाला फुकट घ्यायला आवडत नाही, हे त्यानं आधी कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. मला तरी कुठं आधी कळलं? मी म्हटलं होतं की मिल्ट्रीवाल्यांचा डबा पहिला दळणार, नंबर नाही. एका मेजरनी डबा उचलला आणि रांगेत शेवटी नेऊन ठेवला. म्हणाले, "लाइन तोडायची सवय आम्हाला लागली असती तर देश चालला असता का?" मग मी ते बंद केलं. त्याऐवजी पंचाहत्तरच्या पुढच्या कुणाचंही पीठ, मिल्ट्रीतला असो नसो, पोरगा सायकलवरून घरी टाकून येतो. आता तेच मेजर चुपचाप डबा ठेवून जातात.

पैशाचा डबा ठेवू नका

गल्ल्यावर 'सैनिकांसाठी मदत' लिहिलेला डबा ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. लोकांकडून अशी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळाला लागते तशीच. शिवाय गावात पैसा आला की आठ दिवसांत हिशोबावरून दोन तट पडतात. स्वतःच्या नफ्यातून द्यायचं ते द्या. लोकांना द्यायचं असेल तर ७ डिसेंबरचा ध्वजदिन त्यासाठीच आहे. १९४९ पासून तो पाळतात. झेंड्यातला लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. त्याचा निधी सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जमा होतो. आम्ही नोव्हेंबरातच तिथं जाऊन रीतसर विचारतो, ध्वज आणतो, पैसे तिथंच भरतो आणि पावती गिरणीत खिळ्याला अडकवतो. कुणालाही ओढून बघू दे.

तिशी-चाळिशीतले मेजर

माजी सैनिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काठी टेकणारा म्हातारा येतो. पण शिपाई म्हणून लागलेला माणूस चाळिशीच्या आतबाहेरच घरी येतो. पोरं शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर, आणि गाव त्याला एकच काम दाखवतं: वॉचमन. पुण्यातलं 'मेस्को' हे राज्याचं माजी सैनिक महामंडळ कामं देतं, त्यात सुरक्षा रक्षकाची मोठी संख्या आहे. ज्याला ते हवंय त्यानं जरूर नाव नोंदवावं. पण आधी माणसाला विचारा की पलटणीत तू काय करायचास.

आमच्या वाडीतला एक जण दोन वर्षं एटीएमच्या दारात रात्रपाळी करत होता. माझ्या डंकनाचा स्टार्टर जळला तेव्हा तो सहज बघायला आला आणि अर्ध्या तासात काम करून दिलं. ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात, होता, वीस वर्षं गाड्या आणि जनरेटर दुरुस्त केलेले. हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. आता आसपासच्या सहा गिरण्यांच्या मोटारी तोच बघतो. मी त्याच्यासाठी केलं ते इतकंच की त्याचा नंबर प्रत्येक गिरणीच्या भिंतीवर लिहिला. म्हणून वहीत 'ट्रेड' असा एक रकाना ठेवा. ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट, क्लार्क, कुक, सिग्नलवाला, प्रत्येकाची गावाला गरज असते.

आणि अग्निवीर. योजना २०२२ मध्ये आली, चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंत आत राहणार, बाकीची पोरं पंचविशीच्या आतबाहेर घरी. त्यांना पेन्शन नाही, एकरकमी रक्कम आहे. एवढे पैसे एकदम हातात आले की गाडीवाला, प्लॉटवाला, लग्न जमवणारा, सगळे दारात उभे राहतात. त्या पोराला तुमच्या दुकानात बोलावून धंद्याचा खरा हिशोब दाखवा. मी माझं लाइटबिलच दाखवते, म्हणजे गिरणी टाकायची हौस असेल तर तिथंच फिटते.

संक्रांत

सत्कार नको म्हटलं, पण वर्षातून एकदा एकत्र जमावं असं सगळ्यांनाच वाटतं. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्याच तारखेला निवृत्त झाले. आमच्या सुदैवानं त्या दिवशी बहुधा संक्रांतच असते, वेगळं काही करावं लागत नाही. दुपारी चक्क्या बंद. कट्ट्यावर सतरंजी. तिळगूळ आणि चहा. भाषण कुणाचंच नाही, माइक आणायचाच नाही. विधवा बायकांना आधी बोलावणं जातं, आणि तेही घरी जाऊन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नाही, म्हणून गिरणीतलं बोलावणं त्यांना जास्त लागतं. पहिल्या वर्षी शालनआजी दारातच थबकल्या, आत येऊ का म्हणून. आता त्याच चहाच्या किटलीवर बसतात आणि कुणाला साखर किती ते ठरवतात.

आमच्या दारावर पाटी आहे. तुम्हाला हवी तर तशीच करून घ्या:

'टाकीच्या दिवशी दळण बंद. मिल्ट्रीचे कागद आठ ते अकरा. मूळ कागद आणि दोन झेरॉक्स. आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून आणावा. चष्मा विसरू नये. बायकोला बरोबर आणावे.'